तो काप तुम्ही माझ्याकडून घेतलात

मॅडम, परवा डिपार्टमेंटमध्ये तुमची शोकसभा झाली. एकोणीस वर्षं तुमच्या हाताखाली काढलेली मी एकटीच, म्हणून मला बोलायला उभं केलं. "मॅडमकडून मी सगळं शिकले," एवढं म्हणून मी खाली बसले. सगळ्यांना वाटलं, वनिताबाईंचा गळा दाटून आला. शेजारच्या सिस्टरनं पाण्याचा ग्लास पुढे केला. गळाबिळा काही दाटला नव्हता. आणखी एक वाक्य बोलले असते तर तुमच्या फोटोसमोर उभं राहून तुमच्याशीच भांडण सुरू झालं असतं, म्हणून बसले.

आता तुमच्यावर एक पुस्तिका काढायची ठरली आहे. मला दोन पानं मागितली आहेत. "मॅडम किती मायाळू होत्या ते लिहा," असं सुचवलंही आहे. ते लिहायला माणसं कमी पडणार नाहीत. माझी दोन पानं तुम्हालाच लिहिलेली आहेत. छापायची तर छापोत.

तुम्ही गेलात त्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. ड्युटी सुटल्यावर मी रोजच्यासारखी तुमच्या क्वार्टरवर आले होते. पुण्याहून आलेली तुमची भाची औषधं आणायला बाहेर गेली होती. मी तुमच्या डोक्याला तेल लावत होते. केमो घेणार नाही म्हणून तुम्ही हट्ट धरलात, त्यामुळे केस शेवटपर्यंत शाबूत राहिले. तुम्ही डोळे मिटून होतात. मला वाटलं झोप लागली. आणि तुम्ही म्हणालात, "वनिता, तुझ्या बाळाला इन्फेक्शन होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."

तुम्ही पुढे म्हणालात, "आणि त्याचा ब्लॉक तूच कापलास."

माझा हात थांबला नाही, मॅडम. सगळ्यात जास्त राग मला ह्याचाच येतो. मी तेल जिरवलं, तीन पेड घेऊन वेणी घातली, रबर लावलं आणि "उद्या बोलू," म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी तुमची वाचा गेलेली होती. मरायला टेकलेल्या माणसाच्या उशाशी बसून कोणी भांडत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. अकरा वर्षांतले सगळे दिवस सोडून तुम्ही बरोबर तोच दिवस निवडलात.

ही पानं दुसरं कोणी वाचणार असेल तर त्यांना आपलं काम सांगायला हवं. तुम्ही पॅथॉलॉजीच्या डॉक्टर, मी तुमची टेक्निशियन. जन्माआधी किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलेल्या बाळांची तपासणी तुम्ही करायच्या. आईबापांनी संमती दिली तरच. त्या बाळांच्या अॅड्रिनल ग्रंथींवर तुमचा जीव. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी. मोठ्या माणसात ती इवलीशी दिसते, पण नवजात बाळात मूत्रपिंडाच्या मानानं केवढी तरी मोठी असते. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं, "आईला जंतूंची लागण झाली ना, की पोटातल्या बाळाची ही ग्रंथी कामाला लागते. फार दिवस राबावं लागलं तर तिचा आतला पट्टा झिजतो, त्याला जाळी पडते. बाळाला बोलता येत नाही, वनिता, पण इथे बघून कळतं त्यानं पोटात काय सोसलं." बारावी करून कोर्स केलेली अल्लीपूरची पोरगी मी, आणि एवढी मोठी डॉक्टरीण मला समोर बसवून हे समजावून सांगत होती.

शिकवलंत तेही तसंच, मन लावून. माझ्या हातावर तुमचा हात ठेवून ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवलेल्या अवयवाच्या तुकड्याचा, पहिला काप काढायला लावलात. श्वास सोडताना यंत्राचं चाक फिरवायचं, घेताना नाही. काप पाण्यावर तरंगला की घाई करायची नाही, सुरकुती आपोआप उलगडते. माझे वडील गेले तेव्हा अल्लीपूरला तेरवीला आलात, बायकांच्या पंगतीत मांडी घालून जेवलात आणि माझ्या आईला म्हणालात, "तुमच्या मुलीसारखा हात अख्ख्या विदर्भात नाही." आई ते वाक्य मरेपर्यंत लोकांना सांगत होती. हे सगळं खरं आहे. हे खरं आहे म्हणून तर दुसरं पचत नाही.

तुमचा एक नियम होता. माझ्या टेबलावर बाळाचं नाव कधी यायचं नाही, फक्त नंबर. "नाव कळलं की हात हलतो," तुम्ही म्हणायच्या, "आणि डोळ्याला जे हवं असतं तेच दिसायला लागतं." त्यावरून आपलं किती वेळा वाजलं. मी म्हणायचे, निदान मुलगा का मुलगी तेवढं तरी लिहा, कोणाचं तरी लेकरू आहे ते. तुम्ही नाही म्हणजे नाही. रिपोर्टच्या बाबतीतही तोच कडकपणा. जे वाटलं ते लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. नवीन पोरं तुमच्यासमोर थरथर कापायची. मग मीही तुमचं मानायला लागले. नियम माझ्या चांगल्यासाठीच आहे असं मी चार जणांना सांगितलंसुद्धा.

आता अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यातल्या दुपारीबद्दल. मला सातवा लागला होता. सकाळपासून अंगात कणकण, लघवीला जळजळ, कंबर नुसती ठणकत होती. दुपारी थंडी वाजून आली. वर्ध्याच्या मे महिन्यात, कूलरपासून लांब बसूनही मला थंडी वाजत होती. मी तुम्हाला सांगितलं. जळजळ सांगितली, थंडी सांगितली. तुम्ही मायक्रोस्कोपमधून डोकं न काढता म्हणालात, "ऊन बाधलं असेल तुला. पाणी पी भरपूर. आणि एवढा ट्रे तेवढा संपव, परवा मला स्लाइड्स न्यायच्या आहेत."

मी पाणी प्यायले, एक तापाची गोळी घेतली आणि ट्रे संपवला. ओपीडी वीस पावलांवर होती. मी गेले नाही. जाऊ शकत होते, हे मी माझ्या पदरात घेते, तुमच्या नाही टाकत. पण मी का गेले नाही तेही ऐका. आईच्या जंतूंनी बाळाचं काय होतं ह्यावर आयुष्य घातलेली बाई मला ऊन बाधलं म्हणाली होती. तिच्यापेक्षा जास्त मी कोणाचं ऐकायचं? त्या ट्रेमध्ये कोणाकोणाच्या बाळांच्या त्याच ग्रंथी होत्या, मॅडम. आणि तुमच्या पुस्तकात असते तशी बाई तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून कुडकुडत त्या कापत होती.

आठ दिवसांनी कळा सुरू झाल्या. तुम्ही लेबर रूममध्ये माझा हात धरून उभ्या होतात. मुलगा झाला. दोन दिवस जगला. माझा नवरा दिवाकर, नालवाडीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ते काचेबाहेर उभे राहून दोन दिवस त्याच्याकडे बघत होते. मग तुम्ही त्यांना बाजूला घेतलंत. "तपासणी करू या. कारण कळेल. पुढच्या वेळी उपयोग होईल." दिवाकरनं मला विचारलं, "पोराले कापतीन काय?" मी होकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "कारन सांगतीन म्हणते ना मॅडम. मंग घ्या सही." त्यांनी सही केली ती तुमच्या शब्दावर. शिवलेलं बाळ पांढऱ्या कपड्यात घेऊन ते आणि माझे दीर दोघंच गेले आणि पुरून आले. बारसं झालेलंच नव्हतं. त्याला नाव नाही.

दिवाकर तीन वेळा तुमच्याकडे आले. "मॅडम, काय निघालं?" तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "काही निघालं नाही. दिवस कमी होते." तिसऱ्या वेळी तर तुम्ही त्यांना चहा पाजलात. घरी येऊन ते मला म्हणाले, "लई चांगली बाई हाय. तिलेच वाईट वाटून राह्यलं."

माझ्या सासूबाईंनी मात्र कारण शोधून ठेवलं होतं. "त्या दवाईच्या वासानं गेलं लेकरू," त्या म्हणायच्या. म्हणजे फॉर्मालिन, ज्यात आपण अवयव ठेवतो. मी कामावरून आले की अंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. नणंदेचं बाळ उचलू देत नसत. मी भांडले, रडले, पण मनात किडा शिरला तो शिरलाच. एके दिवशी तुम्ही एकट्या असताना मी तुम्हाला विचारलं, "मॅडम, फॉर्मालिननं होतं का असं?" तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. म्हणालात, "सांगता येत नाही."

त्यानंतर मी दुसऱ्या बाळाचा विचार केला नाही. नोकरी सोडायची म्हटलं तर हेच एक काम मला येत होतं आणि तुम्ही म्हणालात, "तू गेलीस तर हे सगळं थांबेल, वनिता." आणि नोकरी ठेवायची तर त्या वासात आणखी एक जीव नऊ महिने वाढवायचा, ते धाडस मला झालं नाही. दिवाकरनं एकदाच विचारलं होतं, "मंग कसं करावं आपुन?" मी म्हटलं, नको. त्यांनी परत विषय काढला नाही. आज मी त्रेचाळीसची आहे.

तेव्हा तुम्ही "नाही, फॉर्मालिनचा काही संबंध नाही" म्हणाला असता तर काय झालं असतं ते मी ह्या बारा दिवसांत पुष्कळ वेळा मनात घोळवलं. मी पुढचा प्रश्न विचारला असता, "मग कशानं?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर देताना तुम्हाला मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढावं लागलं असतं. तेवढं टाळण्यासाठी तुम्ही माझं एक मूल टाळलंत. मला हे असं लिहायला जड जातं आहे, पण दुसऱ्या कसल्या शब्दांत लिहू?

आणि तो ब्लॉक. दीड महिन्यांनी मी कामावर परतले तेव्हा सतरा ब्लॉक साठले होते. त्यातला एक अगदी छोटा होता. नवजात बाळाच्या ग्रंथीत दोन-चार कापांपेक्षा जास्त मिळत नाहीत, बिघडवला की बिघडलाच. मी पातं बदललं, श्वास सोडत चाक फिरवलं आणि पहिलाच काप असा आला की एकही सुरकुती नाही. रंगवून झाल्यावर माझ्या सवयीनं मी आधी स्वतः बघितला. आतल्या पट्ट्याला जाळी पडलेली मला आता ओळखू यायची, तुम्हीच शिकवलेली. स्लाइड तुमच्या पुढ्यात ठेवून मी म्हटलं, "मॅडम, हे पोर पोटात बरेच दिवस झगडलेलं दिसतं."

तुम्ही उठून बाहेर गेलात. मला वाटलं चहाला गेलात.

तेल लावत होते त्या दिवशी तुम्ही कारणही दिलंत. म्हणालात, "दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा धीर झाला नाही. तुझ्याइतका पातळ काप कोणाचा येत नव्हता. तो बिघडायला नको होता." हे माया म्हणून होतं का? की तुम्हाला तुमच्या कामात एक चांगली स्लाइड हवी होती? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. कधी वाटतं, दोन्ही खरं असेल, तुम्हालाही वेगळं करता आलं नसेल. मग वाटतं, ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या बाळाचं शेवटचं काम माझ्या हातून झालं आणि मला ते कळूसुद्धा दिलं नाहीत. माहीत असतं तर माझा हात हलला असता, हो. हलू द्यायचा होता, मॅडम. आईचा हात होता तो.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी रजिस्टरमधून माझ्या बाळाचा नंबर शोधला. तो काप तुमच्या कपाटात जपून ठेवलेला होता, रंग जरासा फिका झाला आहे, बाकी जसाच्या तसा. स्लाइड घेऊन मी नव्या मॅडमकडे गेले. तरुण आहेत, तुमच्याच विद्यार्थिनी. मी त्यांना कोणाची ते सांगितलं नाही. तुमचाच नियम पाळला. फुफ्फुसाच्या स्लाइड्सही बरोबर ठेवल्या. त्यांनी सगळं नीट बघितलं आणि सहज म्हणाल्या, "हे तर स्पष्ट आहे. आईला इन्फेक्शन होतं, बाळाच्या फुफ्फुसात पू झालाय, अॅड्रिनलवर ताण दिसतो. आईवर वेळेत उपचार झाले असते तर चित्र वेगळं असतं कदाचित." मग त्यांनी जुना रिपोर्ट काढला. रिपोर्टवर 'वनिताचं बाळ' असं लिहिलेलं होतं, आणि कारणापुढे फक्त 'दिवस कमी'. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही.

मी म्हटलं, "दिसलं ते लिहून द्या, मॅडम." त्यांनी लिहून दिलं. वरिष्ठांची परवानगी घेतली, सही केली, शिक्का मारला. तुमच्याबद्दल त्या एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत. तुमच्या हाताखालून माणसं चांगली बाहेर पडली, हे मान्य करायलाच हवं.

तो कागद पर्समध्ये घेऊन मी दोन दिवस फिरले. दिवाकरला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे ठरेना. तुमच्यावर त्यांचा फार जीव होता. तुमची स्कूटी ते कधी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. तुमच्या अंत्यविधीला खांदा द्यायला ते पुढे होते. खांदा दिला तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि त्यांना नव्हतं. एका बाईनं सांगितलं नाही म्हणून मी इतकी चिडले आहे, आणि मीच इतके दिवस तेच करत होते. ते लक्षात आलं तेव्हा मी उठले.

काल सकाळी दुकान उघडायच्या आत मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. पंप बाजूला सारून ते खाली बसले. इंग्रजी त्यांना जमत नाही, मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. मग ती मे महिन्यातली दुपार सांगितली, पूर्ण, माझी गोळी आणि न चढलेली ओपीडीची पायरी धरून.

"तिले सांगतलं होतं तू? थंडी वाजते म्हून?"

"सांगितलं होतं."

"जळजळ बी?"

"जळजळ पण."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येणार नव्हता तरी बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं तुम्हाला शिव्या देतील. मला एखादी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती. समोरून दोन शाळकरी पोरी सायकल ढकलत आल्या, चेन उतरली होती. ते उठले, चेन बसवून दिली, हात पुसले आणि परत येऊन बसले.

"म्हंजे तुया कामानं नाई गेलं लेकरू."

"नाही."

"त्या वासानं बी नाई."

"नाही."

अकरा वर्षांत त्यांनी हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, मॅडम. मला वाटायचं, सासूबाईंचं ते कधी मनावर घेतच नाहीत. घेतलं होतं. मला दुखू नये म्हणून सगळं आत ठेवून ते माझ्या ताटाला ताट लावून जेवत होते.

मग त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग आपल्याले दुसरं होऊ शकत होतं, वनिता."

तुमच्याबद्दल मला जे जे ठाऊक होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, पण ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं. तुम्ही असता ना, तर तशीच त्यांना हाताला धरून तुमच्या दारात आणलं असतं, तुम्हाला उठवून बसवलं असतं आणि म्हटलं असतं, मॅडम, ह्यांना सांगा.